परसबागेची वही



शाळेत बाग करायची असा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला, की पहिला प्रश्न ‘पैसा कुठून आणायचा?’ हा असतो आणि पुष्कळदा चर्चा तिथेच संपते. प्रश्न खोटा नाही. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2019 मध्ये शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा एका बागेसाठी सरासरी 5,000 रुपये गृहीत धरले गेले. एवढ्या रकमेत तारेचे कुंपणदेखील पुरे होत नाही; ठिबक संच आणि पाण्याची टाकी यांचे तर नावच नको. तरीही या रकमेकडे पाहून हात झटकणे योग्य होणार नाही. कारण शाळांच्या बागा पैशांअभावी मरतात, हा समज पुरता खरा नाही. जुलैमध्ये समारंभपूर्वक लावलेले रोप दिवाळीच्या सुटीत माना टाकते आणि त्यातून वाचलेले एप्रिलअखेर कुलूप लागल्यावर जाते. त्या रोपांना पैसा कमी पडलेला नसतो. त्यांचा विचार करणारे कोणी उरलेले नसते.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो आणि तो अधिक गंभीर आहे. ‘मातीतच राबायचे होते, तर पोराला शाळेत कशाला धाडले?’ असे कोरडवाहू शेतीत हयात घालवलेला बाप विचारतो, तेव्हा त्याला श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. श्रम त्याने पुरेसे केले आहेत; प्रतिष्ठा तेवढी त्याच्या वाट्याला आलेली नाही. घरच्या शेतावर जे काम मूल करते, तेच शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घ्यायचे असेल, तर हा बाप रास्त बोलतो आहे, असेच म्हणावे लागेल. त्याला समाधानकारक उत्तर देता आले, तरच शाळेच्या बागेला अर्थ आहे.

या उत्तराचा शोध महाराष्ट्राच्या भूमीवर पूर्वीच सुरू झालेला आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण, ही गांधीजींची कल्पना तेथे मांडली गेली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. त्यात शेती आणि बागकामाला स्थान होते. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर त्या काळी मोठी टीका झाली. शाळेचे कारखान्यात रूपांतर होईल आणि शिक्षकाची नजर मुलाच्या बुद्धीवरून त्याच्या मालाकडे वळेल, अशी भीती टीकाकारांना वाटत होती. ही भीती आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बागेतून किती किलो भाजी निघाली यावर शाळेची प्रशंसा होऊ लागली, की तीच चूक नव्या कपड्यांत परत येते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम उभे केले, त्याची दिशा निराळी होती. गुरे राखायला गेलेली मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच कुरणावर नेली गेली. कुरणशाळा हे तिचे नाव. महागडी माँटेसरी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, पाने आणि खडे साधने झाली. साधनांच्या अभावाचे रडगाणे न गाता भोवताली काय आहे, याची आधी मोजदाद करायची, हा कोसबाडचा धडा आहे. पुढे 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेला हा शास्त्रज्ञ दुष्काळी गावात येऊन राहिला आणि आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करावे, त्या कामाचा हिशेब आणि नोंदी ठेवाव्यात, अशी पद्धत त्याने घालून दिली. शेती-पशुपालन हा त्या दिवसाचा एक विभाग. पाबळचे मर्म ‘नोंदी’ या शब्दात आहे.

शेतातले राबणे आणि शाळेतली बाग यांत फरक करणारी वस्तू कोणती, तर ती आहे वही. बी किती टाकले, किती उगवले, कितव्या दिवशी उगवले, पाणी किती घातले, पान कोणी खाल्ले, तोडणी किती ग्रॅम झाली, हे ज्या बागेत लिहिले जाते ती शाळेची बाग. जिथे लिहिले जात नाही, तिथे मुलांकडून घेतलेले ते फुकटचे काम होय आणि पालकांनी त्यास हरकत घेतली तर शाळेने ती मान्य केली पाहिजे. वहीची किंमत शंभर रुपयांच्या आत असते. अंदाजपत्रकात पहिली रक्कम तिच्यासाठी राखून ठेवावी.

आता ही वही पहिल्याच दिवशी कशी कामाला येते, ते पाहू. साठ मुलांची एखादी प्राथमिक शाळा आहे आणि इमारतीमागे अर्धा गुंठा मोकळी जागा आहे, असे समजा. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. अर्धा गुंठा साधारण 50 चौरस मीटर. त्यातला एक तृतीयांश भाग पायवाटांना द्यावाच लागतो, नाहीतर मुले वाफे तुडवतात. उरले 33 चौरस मीटर. शालेय पोषण आहाराच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी द्यायची असते. साठ मुलांना तीन किलो. मेथी एका चौरस मीटरमधून पाऊण-एक किलो निघते, म्हणजे सगळीकडे मेथीच पेरली तरी महिनाभराच्या मेहनतीनंतर पंचवीस-तीस किलो भाजी हाती येईल. ती दहा दिवसांत संपेल. पाचवीच्या मुलांना हे गणित स्वतः करू द्यावे. मुले उत्तर काढतात आणि चकित होतात. आपल्या ताटातल्या मूठभर भाजीमागे केवढी जमीन उभी असते, हे भूगोलाच्या पुस्तकाने त्यांना कधी सांगितलेले नसते. शाळेची बाग शाळेचे पोट भरू शकत नाही, हेही त्याच क्षणी सर्वांना कळते आणि बागेवरचा अवास्तव बोजा उतरतो.

पाण्याचे गणित याहून बोलके आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला रोज तीन-चार मिलिमीटर पाणी लागते. चैत्र-वैशाखात ते सहा-सातपर्यंत जाते. म्हणजे 33 चौरस मीटरला हिवाळ्यात रोज शंभर ते सव्वाशे लिटर आणि उन्हाळ्यात दोनशेहून अधिक. आता मधल्या सुटीत साठ मुले हात धुतात, ताटे विसळतात. दर मुलामागे दोन लिटर पाणी धरले, तरी एकशेवीस लिटर पाणी दररोज शाळेच्या दारात चिखल करते. हे पाणी चर खणून बागेकडे वळवले, की हिवाळी भाजी जेमतेम निभावते. उन्हाळी भाजी निभावत नाही. साबण आणि खरकटे असलेले पाणी आधी अळू, केळी, कर्दळ यांच्या आळ्यात सोडावे आणि पालेभाजीवर पडू देऊ नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले. राखेने किंवा नुसत्या पाण्याने ताटे धुणाऱ्या शाळांचे काम अधिकच सोपे. ही व्यवस्था करायला दोन कुदळी आणि एक शनिवार पुरतो.

या आकड्यांतून वर्षाचे वेळापत्रक आपोआप तयार होते. जूनमध्ये शाळा उघडताच दोडका, कारले, दुधी यांचे वेल कुंपणावर चढवावेत. भेंडी, गवार, लाल माठ, अंबाडी वाफ्यांत घ्यावी. भेंडी दीड महिन्यात तोडणीला येते, त्यामुळे स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास मुलांच्या हातात पहिले फळ पडते. दिवाळीच्या सुटीच्या आधी वाफे मोकळे करून ठेवावेत आणि शाळा उघडल्यावर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरावी. महाराष्ट्रातील शालेय बागेचा खरा हंगाम हाच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेथी महिनाभरात आणि मुळा दीड महिन्यात निघतो. मुलांचा धीर टिकतो तितकाच हा काळ आहे. सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. दर आठवड्याला एक वाफा पेरला, तर भाजी एकदम येऊन वाया जात नाही आणि पेरणी, उगवण, तोडणी या तिन्ही अवस्था मुलांना एका वेळी शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. फेब्रुवारीनंतर नवे काही पेरू नये. मार्च बी धरण्याचा महिना. एप्रिलमध्ये वाफे पालापाचोळ्याने जाड झाकून टाकावेत आणि मातीला विश्रांती द्यावी. मे महिन्यात बाग रिकामी असणे यात कमीपणा मुळीच नाही. रिकामी राहणार हे ठरवून ठेवलेली बाग आणि दुर्लक्षाने वाळलेली बाग यांतला फरक मुलांना उत्तम समजतो.

सुटीतही जे हिरवे राहावे असे वाटते, ते शेवगा आणि कढीपत्ता यांवर सोपवावे. शेवग्याची हातभर जाड फांदी पावसाच्या तोंडावर कोणीही फुकट देतो. ती रोवली की लागते. पहिल्या उन्हाळ्यात तिच्या बुंध्याशी भोकाचे मडके पुरून, भोकात चिंधीची वात घालून ठेवली, तर आठवड्यातून एकदा मडके भरणे पुरते. गावातच राहणाऱ्या तीन-चार मुलांनी वाटून घेण्याइतके हे काम लहान आहे. पुढच्या वर्षी शेवगा त्याचीही अपेक्षा ठेवत नाही.

माती पाहून वाफा करावा. मराठवाडा, विदर्भातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, तिथे गादीवाफे उचलून घ्यावेत. कोकणातील जांभ्याच्या मातीतून पाणी निसटून जाते, तिथे शेणखत आणि पाचोळा दुपटीने लागतो. माती ओळखण्यासाठी प्रयोगशाळा नको. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती आणि वर पाणी घालून खळखळून हलवावे आणि खिडकीत ठेवून द्यावे. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ तासाभरात बसतो, चिकणमातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असते. प्रत्येक मुलाने आपल्या घरची माती आणली, तर एका खिडकीत सगळ्या गावाचा नकाशा उभा राहतो.

खताविषयी महाराष्ट्राला बाहेरून शिकण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन ‘नाडेप’ ही कंपोस्टची पद्धत देशभर ओळखली जाते. विटांचे, भिंतींना भोके ठेवलेले दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाके, त्यात काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर. थोड्या शेणात पुष्कळ खत, हे तिचे वैशिष्ट्य. शाळेला एवढे टाके भरणे जमणार नाही; पडक्या भिंतीच्या विटा न सांधता रचून तीन-तीन फुटांचा चौकोन केला तरी काम भागते. थर भरल्यावर आठवड्याने आत लोखंडी गज खुपसून ठेवावा आणि दहा मिनिटांनी तो बाहेर काढून मुलांना हात लावू द्यावा. गज गरम लागतो. आग नाही, ऊन नाही, मग ही ऊब कुठली? सूक्ष्मजीवांचा धडा याहून स्वस्तात शिकवता येत नाही. शाळेच्या आवारातला पाचोळा झाडून पेटवून देण्याची जी रीत आहे, ती या गजाच्या अनुभवानंतर मुलेच बंद पाडतात.

जीवामृताचा प्रघात आता बराच वाढला आहे. त्याचे एकरी प्रमाण दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, दोनशे लिटर पाणी असे सांगितले जाते. याचा विसावा हिस्सा काढणे हा चौथीचा हिशेब झाला. मात्र मुलांसमोर त्याची महती सांगत बसू नये. एका वाफ्याला ते द्यावे, शेजारच्या वाफ्याला तेवढेच साधे पाणी द्यावे, बाकी सगळे समान ठेवावे आणि तोडणी वजन करून लिहावी. फरक पडला तर मुलांनी तो पाहिला. न पडला तरी पाहिला. श्रद्धेने मानलेली गोष्टही मोजून पाहण्याचे धैर्य त्यांच्या अंगी यावे. पालेभाजीवर ताजे शेण पडू देऊ नये आणि बागेतून आल्यावर हात स्वच्छ धुवावेत, हा नियम मात्र प्रयोगावर सोडू नये.

बियाण्याच्या बाबतीत सर्वाधिक खर्च वाचतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरीचे गावरान वाण गोळा करून बियाणे बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंचे काम आज शाळांनी गिरवण्यासारखे आहे. प्रत्येक मुलाने आजीकडून मूठभर वाल, अंबाडी किंवा दोडक्याच्या बिया मागून आणाव्यात आणि बाटलीवर चिठ्ठी लावावी: कोणाच्या घरचे, किती वर्षे जपलेले, कधी पेरायचे. या निमित्ताने आजीकडे विचारण्यासारखे काहीतरी आहे, हे नातवाला उमगते, आजीलाही उमगते. वाल, मेथी, अंबाडी यांचे बी मुलांना सहज धरता येते. पाकिटातल्या संकरित वाणाचे बी धरले तर पुढची पिढी तशीच निघत नाही. एखादे वर्ष हेही करून पाहावे. दुकानातून आणलेले गुलाबी, निळे रंगवलेले बी मात्र मुलांच्या हाती देऊ नये. त्यावर बुरशीनाशक चढवलेले असते.

कुंपणाची अडचण खरी आहे, कारण शेळीला सुटी नसते. निरगुडी आणि अडुळसा या दोन झुडपांना शेळी तोंड लावत नाही, दोन्ही काडी रोवून लागतात आणि दोन पावसाळ्यांत दाट होतात. तोवर बोराटीचे काटे. शेराचे कुंपण शाळेभोवती करू नये, त्याचा चीक डोळ्यांना घातक असतो. मोगली एरंडही नको. त्याच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत पुन्हा पुन्हा येतात.

अवजारांवर पैसा मात्र खर्चावा. मोठ्या माणसाची कुदळ नऊ वर्षांच्या मुलाला पेलत नाही आणि पायावर पडते. गावच्या लोहाराकडून जुन्या कुदळी हलक्या करून, दांडे आखूड करून घ्यावेत. दहा खुरपी, चार छोट्या कुदळी, एक तराजू. झारीऐवजी झाकणाला भोके पाडलेली पाण्याची बाटली चालते.

शहरातील शाळांना जमीनच नसते, हे खरे. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या प्रयोग परिवाराने उसाचे चिपाड, पालापाचोळा आणि थोडीशी माती यांवर गच्चीत भाजीपाला घेण्याची वाट दाखवली. रसवंतीगृहाबाहेर चिपाडाचा ढीग फुकट मिळतो. ते पोत्यात किंवा तेलाच्या रिकाम्या डब्यात भरावे. गच्चीवर नुसती माती टाकण्याचा मोह टाळावा. एक चौरस मीटरच्या वाफ्यात फूटभर ओली माती म्हणजे अर्धा टन वजन होते. जुन्या इमारतीच्या बाबतीत अभियंत्याला विचारल्याशिवाय तिथे काहीच करू नये. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले असून, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकण्याचा उल्लेख त्यात आहे. नगरपालिकेच्या उद्यानातील माळ्याला दहापैकी दोन दिवस खुर्ची देऊन वर्गात बसवावे आणि त्याला ‘गुरुजी’ म्हणावे. मानधनाची रक्कम छोटी असली तरी ती पाकिटात घालून द्यावी.

एक गोष्ट स्पष्टपणे बोललीच पाहिजे. बागेतील कामे वाटताना नकळत घराचे आणि गावाचे जुने नियम शाळेत शिरतात. पाणी मुलींनी आणायचे, खणायचे मुलांनी. शेण कालवायला अमुक वस्तीतली पोरे पुढे, तोडणीच्या छायाचित्रात तमुक घरची. शिक्षकाच्या मनात तसे काही नसते, पण पुढे होणारा हात तो वापरतो आणि कोणता हात कशासाठी पुढे होतो, हे गावाने आधीच ठरवलेले असते. यावर एकच उपाय आहे: हजेरीपटाच्या क्रमाने पाळी. आज शेण ज्याच्याकडे, त्याच्याकडे उद्या तराजू, परवा वही. पाळी कोणासाठीही बदलायची नाही, सरपंचांच्या मुलासाठीही नाही. तसेच बागकाम कधीही शिक्षा म्हणून द्यायचे नाही. वर्गात बडबड करणाऱ्याला ‘जा, तण काढ’ असे एकदा जरी सांगितले, तरी चाळीस मुलांच्या मनात मातीचे काम म्हणजे दंड, हे कायमचे कोरले जाते. मग त्या शेतकरी बापाला द्यायला शाळेकडे काही उत्तर राहत नाही.

वाफा बुडाला तर बुडू द्यावा. मावा पडतो, गोगलगाई एका रात्रीत रोपे फस्त करतात, अवकाळी पाऊस मेथी झोडपून काढतो. अशा वेळी शाळेची शोभा जाऊ नये म्हणून बाजारातून रोपे आणून रातोरात लावणारे शिक्षकही असतात. हेतू चांगला असतो, पण वहीतले ते पान खोटे होते. ‘बी 40, उगवली 31, गोगलगाईने खाल्ली 27, उरली 4’ ही नोंद मुलाने स्वतःच्या हाताने लिहावी. घरी बाप शेतावरून गप्प होऊन येतो, त्या गप्प होण्यामागे काय असते, ते त्या दिवशी त्याला थोडे कळेल. उरलेली चार रोपे कशी वाचवायची, हे विचारायला तोच उद्या त्या बापाकडे जाईल.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तीन कामे करायची आहेत. वाफ्यांवर वीतभर पाचोळा पसरणे. बियांच्या बाटल्यांत राख घालून झाकणे घट्ट लावणे आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे देणे. आणि चौथीच्या मुलांनी पाचवीच्या वर्गात जाण्याआधी वही तिसरीच्या मुलांना वाचून दाखवणे. वाचायला अर्धा तास लागतो. वाचून झाल्यावर शेवटच्या पानावर तिसरीची मुले पुढच्या जूनची पेरणी लिहितात: कोणता वाफा, कोणते बी, कोणाच्या आजीकडचे.